परग्रहवासी घडवण्याचे पाच रविवार: ठाण्यातील एका कार्यशाळेविषयी

ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात यंदा जानेवारी-फेब्रुवारीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी पाच रविवारांची कार्यशाळा झाली. परग्रहांवरील नाना प्रजाती आणि त्यांची साम्राज्ये कल्पनेने कशी उभी करावीत, हा तिचा विषय होता. शुल्क ३,५०० रुपये, वेळ सकाळी दहा ते एक, आणि आम्ही बावीस जण होतो. दिवाळी अंकांसाठी मी काही वर्षे विज्ञानकथा लिहिते आहे आणि एकाच विश्वात घडणाऱ्या कथांची माला लिहावी, हे मनात घेऊन तीन वर्षे झाली. परंतु माझे परग्रहवासी कागदावर उतरले की दोन पानांतच माणसांसारखे रागावू, लाजू आणि घासाघीस करू लागत, आणि त्यांच्या अंगावरचे खवले तेवढे वर्णनापुरते उरत. ही अडचण सुटावी एवढ्या एकाच अपेक्षेने मी नाव नोंदवले. ती बऱ्याच अंशी सुटली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. जिथे कार्यशाळा कमी पडली तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिते, कारण पुढच्या तुकडीला त्याचा उपयोग व्हावा.

जीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या बाईंनी पहिल्याच तासाला अट घातली की पहिले दोन रविवार कोणीही आपल्या प्रजातीचे चित्र काढायचे नाही, आणि डोळे, हात, रंग यांचा उल्लेखही करायचा नाही. चेहऱ्यापासून सुरुवात केली की मुखवटा तयार होतो आणि मुखवट्यामागे माणूसच उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी त्यांनी पाच प्रश्न फळ्यावर लिहिले: तारा कोणता, जमीन किती जोराने खाली ओढते, तिथे वाहते काय, अन्नाची ऊर्जा कुठून येते आणि पिल्ले कशी होतात. यातील प्रत्येक उत्तराचा परिणाम पुढच्या उत्तरावर होतो, आणि तो होऊ द्यायचा, मध्येच आपल्या आवडीची गोष्ट घुसवायची नाही, ही शिस्त त्यांनी तीन तास न थकता पाळून घेतली.

आमच्यातील एका तरुणाने बारा फूट उंचीचा योद्धा आणला होता. त्याच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दुप्पट होते. बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून गणित करायला लावले. उंची दुप्पट झाली की शरीराचे आकारमान आणि त्याबरोबर वजन आठपट होते, पण ते पेलणाऱ्या हाडाचा छेद चौपटच वाढतो. त्यावर गुरुत्वाकर्षणही दुप्पट, म्हणजे हाडावरचा ताण माणसाच्या चौपट झाला. योद्धा उभाच राहू शकत नव्हता. तासाभरात तो सहा पायांचा, बुटका, जमिनीलगत चालणारा प्राणी झाला, आणि मग खरी गंमत सुरू झाली, कारण अशा जगात कमरेएवढ्या उंचीवरून पडणेही जिवावर बेतू शकते. त्यांच्या शहरांत जिने नसतील, मनोरे नसतील, कड्याच्या टोकावर उभे करणे ही शिक्षा असेल आणि ‘उंच’ हा शब्द कदाचित शिवी असेल. तरुणाला हवा होता तो दरारा त्या बुटक्या प्राण्यात अधिक आला, हे मी स्वतः पाहिले.

दुसऱ्या एकाने लाल खुज्या, म्हणजे सूर्याहून लहान आणि मंद, ताऱ्याभोवतीचा ग्रह घेतला होता. आकाशगंगेतील बहुसंख्य तारे याच जातीचे आहेत, त्यामुळे ही निवड रास्तच होती. अशा मंद ताऱ्याच्या उबेत राहायचे तर ग्रहाला त्याच्या अगदी जवळून फिरावे लागते, आणि इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी असते, जसा आपला चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी याच प्रकारचा आहे, आणि २०१६ साली त्याच्याभोवती सापडलेला ग्रह सुमारे ११.२ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. आपल्या साठ वर्षांत तिथली १,९५०हून अधिक वर्षे होतात. जिथे सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही, तिथे ‘उद्या’ हा शब्द कशावरून तयार होईल, हा प्रश्न बाईंनी विचारला आणि उत्तर न देता चहाची सुट्टी दिली.

माझ्या मते संपूर्ण कार्यशाळेचे मोल ज्या एका गोष्टीत होते ती रविवारी झालीच नाही. ती दुसऱ्या आठवड्यात एका शनिवारी झाली, कारण भरतीची वेळ त्या दिवशी जुळत होती. आम्हांला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात नेण्यात आले. ठाण्याच्या खाडीचा हा भाग २०१५पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु बाईंनी होडी सुटण्यापूर्वी तास-सव्वा तास आम्हांला तिवरांच्या कडेला चिखलाकडे बघत उभे केले. कोणी बोलायचे नाही, फोन काढायचा नाही, आणि जे दिसेल त्याला नाव न देता त्याचे वर्णन वहीत लिहायचे.

ओहोटीच्या चिखलावर निवट्या होत्या. खाडीकाठच्या कोळी-आगरी घरांत निवटी ही खाण्याची मासळी म्हणून परिचित आहे. मीही ती बाजारात पाहिली होती, पण जिवंत, आपल्या घरात वावरताना कधी पाहिली नव्हती. हा मासा पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालतो, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतून व तोंडाच्या आतील अस्तरातूनही श्वास घेतो. त्याचे डोळे डोक्याच्या वर बसवल्यासारखे असतात. चिखलात तो बीळ खणतो, आणि त्या बिळात, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, तोंडात हवा भरून आणून साठवतो, म्हणजे अंडी त्या हवेच्या कप्प्यात जगावीत. आपण श्वास रोखून पाण्यात उतरतो. हा प्राणी आपल्या पिल्लांसाठी हवेचा घोट वाहून नेतो. हे वाक्य मी तिथेच वहीत लिहिले आणि माझ्या मालेतील पहिली प्रजाती मला त्या क्षणी मिळाली.

त्याच चिखलात नर खेकडे आपली एकच मोठी नांगी उंचावून हलवत होते, आणि त्यांच्यामध्ये तिवरांची श्वसनमुळे पेन्सिली रोवाव्यात तशी वर आलेली होती, कारण खालच्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, असे बाईंनी सांगितले. पान खारट लागते, झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि रोप होऊन खाली पडते. पाणी चढल्यावर आम्ही होडीत बसलो आणि दूरवर रोहित पक्ष्यांचे थवे दिसले. डोके उलटे करून, चोचीने पाणी गाळत खाणारा आणि आपला गुलाबी रंग अन्नातून मिळवणारा हा पक्षी जर कोणी कथेत कल्पनेने लिहिला असता, तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून काढून टाकला असता, असे शेजारी बसलेल्या एका सहभागी ताई म्हणाल्या, आणि मला ते पूर्णपणे पटले.

येथे एक तक्रार नोंदवते. या सहलीचा होडीचा खर्च शुल्कात धरलेला नव्हता, आणि ते आदल्या दिवशी रात्री कळवण्यात आले. रक्कम मोठी नव्हती, परंतु दोन विद्यार्थी त्यामुळे येऊ शकले नाहीत. ज्या अनुभवावर पुढची सगळी शिकवण उभी राहणार, तो शुल्काबाहेर ठेवणे योग्य नव्हते.

पुढच्या रविवारी शरीराचा आणि काळाचा संबंध शिकवला गेला, आणि बौद्धिक दृष्ट्या हे सत्र सर्वांत समृद्ध होते. बाईंनी शनीच्या टायटन या चंद्राचे उदाहरण घेतले. तिथे पृष्ठभागावर उणे १७९ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असते, हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट आणि गुरुत्वाकर्षण साधारण एक सप्तमांश. मिथेन व इथेन यांची तळी असतात. ह्युजेन्स यान १४ जानेवारी २००५ रोजी तिथे उतरले आणि प्रवाहांनी गुळगुळीत झाल्यासारखे दिसणारे गोटे त्याने टिपले. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. अशा तळ्यात जर कोणी विचार करणारा जीव असेल, तर त्याचा एक विचार पूर्ण व्हायला कदाचित आपला महिना लागेल. उलट टोकाला ऑक्टोपस: सुमारे पन्नास कोटी चेतापेशी, त्यांतील बहुतांश बाहूंमध्ये विखुरलेल्या, तीन हृदये, आणि बहुतेक जातींचे आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे, मादी अंडी सांभाळते आणि ती फुटण्याच्या सुमारास मरते. म्हणजे एवढी हुशारी, पण आईकडून शिकण्याची सोय नाही. अशी प्रजाती शाळा कोणत्या प्रकारची काढेल, यावर आम्ही पाऊण तास बोललो.

मग येऊरच्या डोंगरावरची कारवी निघाली. ती वर्षानुवर्षे नुसती वाढते, सात-आठ वर्षांतून एकदा सगळी एकाच वेळी फुलते आणि बी धरून मरते. एखादी बुद्धिमान प्रजाती अशी असेल तर तिच्यात सगळे नागरिक समवयस्क असतील, कोणी कोणाचा दादा नाही की आजी नाही, आणि पिढी बदलेल ती एकाच ऋतूत. सत्तांतर, वारसा, कर्ज, शपथ या सर्व गोष्टींचा अर्थ तिथे वेगळा होईल. माझ्या वहीतील सर्वांत जास्त पाने त्या दिवशी भरली.

यानंतरचा रविवार साम्राज्यांसाठी राखलेला होता आणि तिथे कार्यशाळेचा धागा तुटला. हे सत्र घेणारे सर खेळांची रचना करतात. त्यांनी अठ्ठेचाळीस पत्त्यांचा एक संच आणला होता. त्यावर लढाऊ साम्राज्य, व्यापारी साम्राज्य, धर्मसत्ता, पोळ्यासारखा समाज, यंत्रांचे राज्य, संघराज्य अशी नावे होती आणि प्रत्येकाखाली तीन गुण व दोन दोष छापलेले होते. प्रत्येकाने आपल्या प्रजातीसाठी दोन पत्ते उचलायचे आणि त्यांची सांगड घालायची. खेळ म्हणून हे रंगले, आणि नवख्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी हाती लागले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तीन आठवडे जी शिस्त आम्ही शिकलो होतो ती पत्ता उचलताक्षणी विसरली गेली. निवटीसारखी प्रजाती आणि कारवीसारखी प्रजाती यांना एकच ‘व्यापारी साम्राज्य’ मिळाले आणि दोन्ही साम्राज्ये सारखीच दिसू लागली. शिवाय या पत्त्यांनी गृहीत धरले होते की एका ग्रहावर एकच स्वभाव नांदतो. पृथ्वीवरच्या एका जिल्ह्यालाही हे लागू पडत नाही.

साम्राज्य म्हणजे काय याचा उत्तम पाठ आम्हांला त्या दिवशी चहाच्या वेळी, सहभागींमधल्याच एका निवृत्त इतिहास शिक्षकांकडून मिळाला. सभागृहापासून फार लांब नसलेल्या ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाकडे, म्हणजे ते ज्यात आहे त्या जुन्या किल्ल्याकडे, हात करून ते म्हणाले की साम्राज्य लिहायचे असेल तर आधी त्या किल्ल्याची हकीकत ऐका. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले तेव्हा लिस्बनहून गोव्याला यायला जहाजाला साधारण सहा महिने लागत, आणि वारे अनुकूल होण्याची वाट पाहावी लागे ती वेगळी. म्हणजे राजाचा हुकूम येईपर्यंत ज्या प्रसंगासाठी तो मागितला तो प्रसंगच उरत नसे. १७७४च्या डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या कारभाऱ्यांनी, हाच किल्ला घेतला. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. १७७३च्या कायद्याने मुंबई कलकत्त्याच्या अधीन झाली होती, तरी कलकत्त्याला न विचारता. कलकत्त्याने तो तह नाकारला आणि १७७६च्या मार्चमध्ये पुण्याशी पुरंदरचा तह केला. पुढे लंडनच्या संचालकांचे पत्र आले ते मुंबईकरांची पाठराखण करणारे. एकच कंपनी, पण तिची तीन डोकी तीन दिशांना बघत होती, आणि याला कारण कोणाचा स्वभाव नव्हता, तर पत्र पोहोचायला लागणारा वेळ होता.

हे ऐकल्यावर मला आदल्या रविवारचा टायटन आठवला आणि दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथे प्रश्न पाठवून उत्तर यायला, प्रकाशाच्या वेगानेही, साडेआठ वर्षे लागतात. दोन वर्षे जगणाऱ्या प्रजातीत प्रश्न विचारणाऱ्याच्या पणतवंडाच्या हातीही ते उत्तर पडणार नाही, त्याच्याही पुढच्या पिढीला ते मिळेल. तिचे साम्राज्य म्हणजे न जन्मलेल्यांच्या नावे लिहिलेल्या पत्रांचे साम्राज्य असेल, आणि पत्र जपणारी संस्था तिथे सैन्यापेक्षा बलवान असेल. उलट ज्याचा एक विचार महिनाभर चालतो त्या मंद जीवाला साडेआठ वर्षे म्हणजे संभाषणातील एक छोटी विश्रांती. ताऱ्या-ताऱ्यांमधले खरे एकसंध राज्य असेल तर ते अशा थंड, सावकाश जिवांचे असेल, आणि आपल्यासारख्या उतावळ्या प्रजातींचे साम्राज्य ठाण्याच्या किल्ल्यासारखे पुन्हा पुन्हा हात बदलत राहील. साम्राज्याची घडण प्रजातीच्या शरीरातून आणि आयुर्मानातून निघाली पाहिजे, आणि तशी ती काढण्याची सगळी सामग्री या कार्यशाळेत तिसऱ्या रविवारपर्यंत जमलेली होती. बाईंनी आणि सरांनी ते सत्र मिळून घेतले असते, तर हा पूल त्यांनीच बांधला असता. आयोजकांना मी हे लेखी कळवले आहे.

सोबत दिलेल्या चौसष्ट पानी वहीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ग्रहांचे तक्ते चांगले आहेत, बांधणी सैल आहे, आणि मराठी शब्द उपलब्ध असताना कित्येक ठिकाणी इंग्रजी शब्द तसेच ठेवले आहेत.

शेवटच्या रविवारी वाचन होते आणि त्याआधी भाषेसाठी जेमतेम अर्धा तास. हा वेळ फारच कमी होता, कारण मराठीत परग्रहवासी लिहिणाऱ्याच्या अडचणी त्याच भाषेच्या आहेत आणि त्यांचे उत्तर दुसऱ्या भाषेतील पुस्तकांत मिळत नाही. आपले क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही: ‘गेला’ की ‘गेली’? जिथे नर-मादी नाहीत, किंवा चार लिंगे आहेत, तिथे लेखकाने काय करावे? नपुंसकलिंग घेतले तर त्याचा सूर लहान मुलाचा किंवा जनावराचा होतो, अशी हरकत एकाने घेतली आणि ती खरी आहे. परंतु प्रमाण लेखनात ‘ते आले’ या दोन शब्दांत एक वस्तू आली, एक आदरणीय व्यक्ती आली किंवा पुष्कळ जण आले, हे तिन्ही अर्थ राहतात. अनेक शरीरांत एकच मन वावरणाऱ्या प्रजातीसाठी याहून नेमके वाक्य कुठून आणणार? तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळणारे आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आयते आहेत. अशा सामूहिक मनाचा दूत माणसांशी बोलताना एका वाक्यात ‘आम्ही’वरून ‘आपण’वर आला, तर मराठी वाचकाच्या अंगावर काटा यावा, आणि त्यासाठी एकाही युद्धनौकेची गरज पडू नये. मोजणीचेही तसेच. आठ बोटांची प्रजाती आठांच्या पटीत मोजेल हे सांगताना १९५७पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता, याची आठवण कोणीतरी करून दिली, आणि ते गणित परके वाटेनासे झाले.

वाचनात खारघरहून येणाऱ्या दोन महाविद्यालयीन मैत्रिणींची प्रजाती मला सर्वांत आवडली. त्यांनीही निवटी घेतली होती, पण माझ्यापेक्षा पुढे नेली होती. त्यांचे जीव जमिनीवर येताना तोंडात पाणी धरून येतात, त्यामुळे घराबाहेर त्यांना ओठ उघडता येत नाहीत. बाहेरचा सगळा व्यवहार, बाजार आणि न्यायालयसुद्धा, खुणांनी आणि शेपटीच्या फटक्यांनी चालते, आणि बोलणे ही फक्त बिळातली, घरच्या माणसांमधली गोष्ट असते. त्यांचे पंचांग भरती-ओहोटीवर चालते. उधाणाच्या दिवसांत प्रवास, भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत लग्ने. परक्या ग्रहावरचा पाहुणा उतरतो आणि सर्वांसमोर मोठ्याने नमस्कार म्हणतो, तेव्हा तो केवढा मोठा अपराध करतो हे त्यांनी दोन परिच्छेदांत दाखवले. बाईंनी वही मिटली आणि त्या दोघींना तो उतारा पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर भरणार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. ज्यांना खाडीची सहल हवी आहे त्यांनी होडीचा खर्च आधीच विचारून घ्यावा, जुने बूट घालावेत आणि टोपी न्यावी, कारण चिखलाकाठी सावली नसते. चौथ्या रविवारचे पत्ते स्वतंत्रपणेही विकत मिळतात, ९०० रुपयांना. मी ते घेतले नाहीत. बाईंच्या तीन सत्रांसाठी आणि त्या एका शनिवारसाठी मात्र मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.